माहेरावर स्वारी

आमचा भाचा फ्लॉरिडातल्या गेन्सव्हिलच्या विद्यापीठात शिकला. तेव्हापासून फोनवर खुशालीआधी फुटबॉल. तोही अमेरिकन, म्हणजे ज्यात पायाला फारसं काम नाही!

त्यानंच मला स्टीव्ह स्परियर हे प्रकरण सांगितलं. गृहस्थ तिथलाच क्वार्टरबॅक. चेंडू कुणाला द्यायचा हे त्याच्या हाती. एकत्र कुटुंबात तूप वाढणाऱ्या आजीचा मान! १९६६ साली ऑबर्नविरुद्ध बरोबरी असताना नेहमीच्या गड्याला बाजूला सारून यानं स्वतःच चाळीस यार्डांवरून चेंडू मारला नि सामना जिंकला. पुढे १९९० पासून बारा हंगाम तिथलाच प्रशिक्षक. १९९६ चं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. संघ मगरींचा, म्हणून मैदानाला ‘दलदल’ म्हणायचं, हेही त्याचंच.

आणि २००५ साली हा बुवा साउथ कॅरोलिनाचा प्रशिक्षक! त्याच गटातला संघ, म्हणजे दरवर्षी गाठ. पहिल्याच वर्षी माहेरचा ३०-२२ असा पराभव. २०१० मध्ये तर थेट दलदलीत येऊन ३६-१४!

आमच्या चाळीतला पेटीवाला एकदा पलीकडच्या चाळीच्या गणपतीत वाजवायला गेला, तर त्याच्या घरी वर्षभर कुणी विरजण दिलं नाही. गेन्सव्हिलकरांनी मात्र पाचच महिन्यांत, एप्रिल २०११ मध्ये, स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभारला. २०१६ मध्ये मैदानालाही त्याचं नाव.

“अरे, तुम्हाला राग कसा नाही आला?” मी भाच्याला विचारलं.

“आला ना मामा! पुतळ्याशेजारी फोटो काढलाय, त्यात दिसतोय बघा. पाठवू?”