हळूपणाचा मोह

हळू चालणे म्हणजे जपून चालणे, अशी आम्हा दोघी बहिणींची दृढ समजूत होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहा मिलिमीटर व्यासाच्या एका कटरने ती खोटी ठरविली. मात्र त्यापायी बिचाऱ्याला स्वतःची धार गमवावी लागली.

बेळगावात आमच्या मामांचा सुतारकामाचा कारखाना आहे. रंधा, पटाशी यांच्या शेजारी तेथे आता सीएनसी राउटर उभा आहे. संगणकाने आखून दिलेल्या मार्गाने फिरत तो लाकडावर नक्षी कोरतो. एका देवघराच्या सागवानी दाराचे काम मामांनी मोठ्या विश्वासाने आमच्यावर सोपविले. कटर कोरा, कार्बाइडचा! त्याला इजा होऊ नये म्हणून आम्ही तो पुढे सरकण्याची गती मिनिटाला अवघी १,२०० मिलिमीटर ठेवली. फिरण्याचा वेग मात्र मिनिटाला १८,००० फेरे तसाच राहिला.

थोड्याच वेळात करपल्याचा वास आला. खाच काळी पडली आणि कटर कर्कश किंचाळू लागला.

मामा रागावले नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले. त्यांनी केवळ हिशेब मांडावयास सांगितले. कटरला दोन धारा. म्हणजे मिनिटाला ३६,००० घाव. एकेका घावाच्या वाट्याला लाकूड आले जेमतेम ०.०३ मिलिमीटर! "हे कापणे नव्हे, घासणे झाले," मामा म्हणाले. ढलपी नीट सुटली, तर ती उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. नुसते पीठ पडले, तर ती उष्णता धारेलाच खाते. नवा कटर लावून आम्ही फेरे १२,००० केले व गती ४,८०० केली. घावाला ०.२ मिलिमीटर लाकूड मिळू लागले, आणि आवाज निवळला.

तदनंतर रोज कॉलेट पुसण्याचे काम आमच्याकडे आले. त्यात भुसा राहिला, तर कटर किंचित वाकडा फिरतो व एकाच धारेवर सारा भार पडतो. कार्बाइड कठीण खरे, परंतु ठिसूळ. म्हणून प्रत्येक कटरला स्वतंत्र खण.

भाऊबीजेची ओवाळणी आम्ही नव्या कटरसाठी पुढे केली. मामांनी ती परत केली आणि करपलेली फळी तेवढी आमच्या हाती दिली. ती आज आमच्या अभ्यासाच्या मेजावर आहे. जपणे म्हणजे हात आखडणे नव्हे, हे ती आम्हांस रोज सांगते.