सात सेकंदांचे ड्रम आणि एक पुसलेली सही

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे. निळा कोट, हातात पुस्तक, नजर थेट रस्त्याकडे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका पेंटरकाकांनी ते काढले. काका दुकानांच्या पाट्या आणि ट्रकमागची अक्षरे रंगवून घर चालवायचे. पुढे फ्लेक्स आले आणि ते काम गेले. या चित्राचे त्यांनी पैसे घेतले नव्हते. उजव्या कोपऱ्यात खाली, वीतभर जागेत, आपले नाव आणि साल तेवढे लिहिले होते.

मागच्या जयंतीआधी भिंतीचा खालचा भाग ओल येऊन फुगला. आम्ही वर्गणी काढली, गिलावा केला, पांढरी पट्टी मारली आणि तिच्यावर देणगीदारांची नावे लिहून घेतली. ५०१ रुपये देणाऱ्याचेही नाव आले. काकांचे नाव मात्र रंगाखाली गेले. कोणी मुद्दाम केले नाही. कोणाच्या लक्षातच आले नाही, आमच्याही नाही.

ते लक्षात आणून दिले एका गाण्याने.

वस्तीतला एक मुलगा मोबाईलवर बीट बनवतो. मिरवणुकीसाठी त्याने एका जुन्या भीमगीताखाली नवे ड्रम टाकले होते. ड्रम असे की उभा माणूस पाय हलवल्याशिवाय राहणार नाही. आम्ही विचारले, "हे तू वाजवलंस?"

"नाही दादा, हा आमेन ब्रेक आहे. इंटरनेटवर फुकट मिळतो."

"वाजवलाय कोणी?"

"ते नाही माहीत. सगळेच वापरतात."

उत्तर प्रामाणिक होते, पण डोक्यातून जाईना. रात्री आम्ही शोधायला बसलो.

अमेरिकेत 'द विन्स्टन्स' नावाचा एक बँड होता. १९६९ साली त्यांची एक तबकडी निघाली. तिच्या एका बाजूचे गाणे गाजले, त्याला ग्रॅमी मिळाले. दुसऱ्या बाजूला जागा भरायला 'आमेन, ब्रदर' नावाची एक धून टाकली होती. त्या धुनेच्या मध्ये बाकी सगळी वाद्ये थांबतात आणि एकटा ड्रमर चार आवर्तने वाजवतो. सगळे मिळून सुमारे सात सेकंद. ड्रमरचे नाव ग्रेगरी कोलमन. कृष्णवर्णीय कलावंत.

हे सात सेकंद जगभर गेले. अमेरिकेतल्या रॅपमध्ये गेले. 'एन.डब्ल्यू.ए.' या गटाच्या १९८८ च्या गाजलेल्या गाण्यात आहेत. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' नावाचे संगीत त्यांच्यावरच उभे राहिले. आज हजारो गाण्यांत ते आहेत, जाहिरातींत आहेत आणि आता आमच्या वस्तीतल्या भीमगीताखालीही आहेत. ग्रेगरी कोलमन २००६ साली अटलांटात वारले. बेघर आणि कफल्लक. या वापराचा एक डॉलरही त्यांना मिळाला नव्हता. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्या मते, आपल्या वादनाचे पुढे काय झाले हे कोलमन यांना बहुधा कधी कळलेच नाही. २०१५ साली दोन ब्रिटिश डीजेंनी इंटरनेटवर लोकवर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पौंड स्पेन्सर यांना दिले. तोवर कोलमन यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

मग हे नाव गळाले कुठे? याचे एक उत्तर यंत्रात आहे. १९८७ साली एसपी-१२०० नावाचे एक सॅम्पलर आले. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारे यंत्र. त्याच्यात एकूण मावायचा फक्त १० सेकंदांचा आवाज. म्हणून छोटे, सुटे, मोकळे तुकडे हवे असत. कोलमन यांच्या सात सेकंदांतून असे तुकडे मिळत. आवाजाचे असे तुकडे यंत्रात आकडे होऊन राहतात. सीडीच्या दर्जाने मोजले तर एका सेकंदाला ४४,१०० आकडे, म्हणजे सात सेकंदांचे तीन लाखांहून जास्त. त्या तीन लाख आकड्यांत काठी चामड्यावर किती जोराने पडली हे बारीकसारीक नोंदलेले आहे. ती काठी कोणाच्या हातात होती, हे एकाही आकड्यात नाही. ते माणसाने बाजूला लिहून ठेवायचे असते.

अशा तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात. दवाखान्यातही हाच शब्द वापरतात. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे उपचार चालले होते. त्या पाच लेकरांची आई. डॉक्टरांनी त्यांना न विचारता गाठीचे सॅम्पल घेतले. आधी माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत टिकत नसत, या पेशी मात्र वाढतच राहिल्या. त्याच वर्षी ३१ व्या वर्षी बाई वारल्या. त्यांच्या पेशींवर पोलिओच्या लसीची चाचणी झाली, पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, विकल्या गेल्या. पेशींना नाव दिले 'हेला'. बाईचे खरे नाव लपावे म्हणून 'हेलन लेन' असे खोटे नाव फिरत राहिले. घरच्यांना वीसेक वर्षे काही माहीत नव्हते. एका मोठ्या कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती २०२३ साली, म्हणजे ७२ वर्षांनी.

संगीत आणि विज्ञान ही दोन्ही आपल्याला पुढे नेणारी क्षेत्रे आहेत. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे आहोत आणि पोलिओची लस आमच्याही लेकरांच्या तोंडात पडली आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते की दोन्हीकडे नाव कोणाचे गळाले? तबकडीवर कंपनीचे नाव राहिले. शोधनिबंधावर डॉक्टरांचे राहिले. वाजवणाऱ्या हाताचे आणि ज्या देहातून पेशी निघाल्या त्या बाईचे गेले. नाव कोणाचे टिकणार हे समाजातली जागा ठरवते. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. गावात ज्याला नावाने हाक मारत नसत, जातीनेच मारत, त्याची आपण नातवंडे आहोत.

म्हणूनच न्यूयॉर्कच्या भिंतींची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गरीब वस्त्यांतली पोरे भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांवर लिहू लागली. काय लिहायची? घोषणा कमी, स्वतःची नावेच जास्त. टाकी १८३ हा त्यातला एक प्रसिद्ध. हा निरोप्याचे काम करणारा पोरगा १८३ व्या रस्त्यावर राहायचा. टोपणनाव आणि रस्त्याचा नंबर जोडून तो शहरभर लिहीत गेला. २१ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली. लोक म्हणाले, पोरे शहर घाण करतात. शहरात जाहिरातींची नावे इमारतीएवढी मोठी होती, त्यांना कोणी घाण म्हणत नव्हते. पैसे भरले की नाव लावता येते आणि न भरता लिहिले की गुन्हा होतो, एवढाच फरक.

आपल्याकडे नाव सांभाळायची युक्ती फार जुनी आहे. संतांनी आणि शाहिरांनी स्वतःचे नाव शेवटच्या कडव्यातच ओवले. तुकोबांनी ओवले, चोखोबांनी ओवले, वामनदादा कर्डकांनी 'वामन' म्हणून ओवले. छापखाना नसो, रॉयल्टी नसो, गाणारा पूर्ण गायला की कवीचे नाव त्याच्या तोंडून येणारच. पण चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईंच्या अनेक अभंगांत नावाच्या जागी चोखोबांची बायको एवढीच ओळख येते. नावाच्या लढाईतही बाईची पाळी उशिराच येते, हे आपण मान्य केले पाहिजे.

आणि आता आपण काय करतो? मिरवणुकीत डीजे पहिले कडवे आणि धृपद वाजवतो, शेवटचे कडवे कापतो. म्हणजे शाहिराने जिथे नाव जपून ठेवले होते, नेमकी तीच जागा आपण कापतो. व्हॉट्सअॅपवर कविता येते, खाली 'लेखक अज्ञात'. अज्ञात कसला? आपण विचारले नाही म्हणून अज्ञात. चित्राच्या फोटोतली कोपऱ्यातली सही स्टेटसमध्ये बसत नाही म्हणून आपण छाटतो. याच्या उलटही करतो. कोणाचेही वाक्य बाबासाहेबांच्या फोटोखाली टाकून पुढे ढकलतो. ज्या माणसाने आपल्या ग्रंथांत आधार देऊन मुद्दे मांडले, त्याच्या नावावर बिनआधाराची वाक्ये! यातही एका लेखकाचे नाव पुसले जाते आणि बाबासाहेबांचे वापरले जाते.

यावर आमच्यातच वाद झाला. एक मित्र म्हणाला, "कला सगळ्यांची असते. तुम्ही आता कॉपीराइटवाल्यांची बाजू घेणार का? मग पोरांनी वाजवायचं काय?" मुद्दा बिनतोड आहे. रॅप जन्मले तेच दुसऱ्यांच्या तबकड्यांतून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. तिचा भाऊ कूल हर्क याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून ड्रमचा तुकडा लांबवत नेला. वाद्ये घ्यायला पैसे नसलेल्यांनी तबकडीलाच वाद्य केले. ते थांबवावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

आमचे म्हणणे एवढेच की घ्या, कापा, जोडा, पण कोणाकडून घेतले ते सांगा. त्याच काळात, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले आणि ते कुठून घेतले हे कधी लपवले नाही. त्या उघड घेण्यातूनच दोन खंडांतल्या पिचलेल्या माणसांचे नाते जुळले. नुसत्या नावाने पोट भरत नाही, हेही खरे. पण नावच नसेल तर उद्या वाटा मागायला कोण आणि कशाच्या आधारावर येणार? मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी आपण १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढलो. लोकांची घरे जळाली, जीव गेले. 'नावात काय आहे' हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

हे सगळे बोलून झाल्यावर कोणीतरी भिंतीचे नाव काढले. काकांची सही कुठे आहे? सगळे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांकडे गेलो. म्हणालो, "काका, चुकलं आमचं."

काका म्हणाले, "मी बघितलं होतं त्याच दिवशी. पोरांनी भिंत वाचवली, आता सहीसाठी काय भांडायचं, म्हणून गप्प बसलो."

ते ऐकून आम्हाला जास्त लाज वाटली. वर्षभर ते रोज त्या भिंतीवरून गेले होते.

पट्टीवर जागा उरली नव्हती. मग वरची 'सौजन्य' म्हणून लिहिलेली आमच्या मंडळाच्या नावाची ओळ आम्ही पुसली. काकांचा हात आता थरथरतो. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. खाली साल लिहिताना त्यांनी विचारले, "जुनं घालू की आजचं?" आम्ही म्हणालो, जुनेच घाला.

येत्या जयंतीसाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. डीजेला देण्याच्या यादीत प्रत्येक गाण्यासमोर कवी आणि गायकाचे नाव असेल. वामनदादांचे गाणे लागले तर शेवटच्या कडव्यापर्यंत लागेल. आणि लेखकाचे नाव कळल्याशिवाय मंडळाच्या ग्रुपवरून कविता पुढे जाणार नाही. तुमच्या वस्तीतही भिंती असतील आणि त्यांच्यावर चित्रे असतील. ती कोणी काढली, हे तो माणूस हयात आहे तोवर विचारून घ्या.

बीटवाल्या मुलाने आपल्या गाण्याखाली आता एक ओळ टाकली आहे : ड्रम - ग्रेगरी कोलमन, १९६९.

जय भीम.