कासरा

चर्चचे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, हे मी सेमिनरीत शिकलो. माझ्या आजोबांचे वर्ष मात्र पोळ्यापाशी सुरू होई. आमचे घराणे दोर वळणाऱ्यांचे. आषाढ लागला की अंगणात घायपाताच्या वाखाचे भारे येऊन पडत आणि श्रावणी अमावास्येपर्यंत आजोबांच्या तळहातांना उसंत नसे. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोफणी! गावातील प्रत्येक बैलाच्या अंगावर पोळ्याच्या दिवशी आमच्याच घरचा दोर असे. वेशीला तोरण लागे, मानाची जोडी पुढे निघे आणि आम्ही पोरे दुरून आपापला दोर ओळखत उभे राहत असू.

आजोबांच्या वडिलांनी जर्मन येशूसंघीय फादरांच्या काळात बाप्तिस्मा घेतला होता. धर्म बदलला, दोर वळणे राहिले. ख्रिस्ती झालेल्याचे बलुते काही कोणी माफ केले नव्हते. आजोबांची एक रीत होती. त्या वर्षीचा पहिला कासरा वळून झाला की तो एक रात्र घरातील क्रुसाखालच्या खुंटीला टांगायचा आणि सकाळी शेतकऱ्याकडे पोचवायचा. का, असे विचारले तर म्हणत, “जनावराच्या अंगाला लागायच्या आधी देवाची नजर पडू दे त्याच्यावर.”

1993 साली तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा करून मी चार दिवस घरी आलो होतो. अंगात पांढरा झगा नि डोक्यात परीक्षेची टिपणे. खुंटीवरचा कासरा पाहिला आणि मी आजोबांना सुनावले, “क्रुसाखाली हे असले काही टांगू नका. लोक काय म्हणतील? पोळा आपला सण नव्हे.” लहानपणी ते मला लेकरा म्हणत. त्या दिवशी उठून कासरा काढता काढता म्हणाले, “काढतो, ब्रदर.” पुढच्या आषाढात त्यांनी वाख आणलाच नाही. गुडघे दुखतात, असे कारण आईने सांगितले. 1995 साली ते गेले.

गंमत अशी, की ज्या टिपणांच्या जोरावर मी बोललो, त्यांतच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 1963 सालचा उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज होता. लोकांच्या ज्या चालीरीती अंधश्रद्धेशी आणि चुकीच्या शिकवणुकीशी घट्ट बांधलेल्या नाहीत, त्यांकडे चर्च आपुलकीने पाहते आणि शक्य तर त्या जपते, असे त्याच्या सदतिसाव्या कलमात आहे. त्या कलमावर मी चांगले गुण मिळवले होते.

ईशज्ञानाच्या अभ्यासाच्या काळात ग्रंथालयात केव्हिन डॅनहर यांचे आयर्लंडच्या वार्षिक रीतीभातींवरचे, 1972 साली निघालेले पुस्तक हाती आले. वेळ घालवायला म्हणून उघडले. 1 फेब्रुवारी हा संत ब्रिजितचा दिवस. तिकडे तो वसंताचा पहिला दिवस. आदल्या रात्री घरोघर लव्हाळ्याचे किंवा पेंढ्याचे क्रूस विणतात आणि ते दारावर, छपरात, गोठ्यातही खोचतात, कारण ब्रिजित ही गाईगुरांची आणि दूधदुभत्याची कैवारी. त्या देशाच्या पश्चिम भागात तर पेंढ्याचा दोर वळून त्याचे मोठे कडे करीत, त्याला क्रूस बांधीत आणि घरची माणसे वर्षभर निरोगी राहावीत म्हणून एकेकाने त्या कड्यातून जावे अशी चाल होती. वळलेला दोर आणि त्याला क्रूस! मी पुस्तक मिटले. त्या दिवशी सायंप्रार्थनेत माझे लक्ष नव्हते.

पुढे ते पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचले. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो आयरिश भाविक क्रो पॅट्रिकचा डोंगर चढतात, काही तर अनवाणी. त्या यात्रेमागे सुगीच्या प्राचीन सणाची आठवण आहे, असे अभ्यासक मानतात. सप्टेंबरात आपल्या हरेगावच्या मतमाउलीकडे पायी निघालेल्या दिंड्या पाहिल्या की मला तो डोंगर आठवतो. त्या सुमारास आपल्याकडे बाजरी कणसावर असते. वसईत आगेऱ्याला भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात, मंगळूरकडे मरियेच्या जन्मदिनी नवे धान्य मंदिरात येते. आपण बाजरीवाल्यांनी मात्र माउलीपाशी कणीस नेण्याची रीत पाडली नाही. कणीस आपले नव्हते, हे त्याचे कारण असावे. बाकी आपले वर्ष ऊसतोडीच्या हंगामाने कापलेलेच. नाताळात निम्मा धर्मग्राम कोपीवर. गव्हाणीपेक्षा ती कोपी बेथलेहेमच्या अधिक जवळची असते, हे ज्याने तिथे मिस्सा केला आहे त्यालाच कळेल.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका बाईंनी विचारले, “फादर, पोळ्याला आमच्या जोडीवर पवित्र जल शिंपडाल का?” त्यांच्या घरी आता चार एकर आणि एक बैलजोडी आहे. मला हर्ष झाला. रविवारी प्रवचनात आजोबांचा कासरा, आयर्लंडचा दोर, सगळे सांगितले. मिस्सा संपल्यावर एक तरुण शिक्षक सॅक्रिस्टीत आला. म्हणाला, “फादर, तुमचे आजोबा दोर देऊन खळ्यावर उभे राहत ना? धोतराचा ओचा पसरून? सुपातले दाणे वरून पडत, शिवायला नको म्हणून. आयर्लंडचा शेतकरी आपल्या गोठ्यासाठी क्रूस विणीत होता. आपला गोठा कुठे होता? आम्ही पोळा विसरलो नाही, सोडला.”

मला उत्तर सुचले नाही. 1993 साली मी आजोबांना बोललो ते पुस्तकी होते. आणि आयर्लंडच्या पुस्तकातून मी जे परत आणू पाहत होतो, तेही पुस्तकीच होते की काय? बाईंच्या जोडीला मी आशीर्वाद दिला, त्यांच्याच गोठ्यात जाऊन. वेशीवर गेलो नाही. शिक्षकाला ते पटले नाही, आणि तसे त्याने मला सांगितले.

यंदाच्या उन्हाळ्यात चर्चच्या घंटेचा नायलॉनचा दोर तुटला. मी गावाकडच्या एका म्हाताऱ्या काकांना वाख घेऊन बोलावले. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले जमली, मांडीवर वाख वळू लागली. पीळ काही बसेना. तो शिक्षक आपल्या मुलीला न्यायला आला होता. बराच वेळ हाताची घडी घालून उभा राहिला. मग खाली वाकून तिचा हात धरून म्हणाला, “उलटा पीळ देऊ नकोस, सुटेल तो.” त्याला दोर वळताना मी कधी पाहिले नव्हते. तासाभराने अंधार पडला तेव्हा तो काकांच्या समोर बसून दुसरे टोक ताणून धरीत होता. दोघांनी माझ्याकडे पाहिले नाही.

दोर दोन हात कमी पडला. खाली नायलॉनचाच तुकडा जोडला आहे.