जिजाईचा पक्ष

आवडते चित्रपट कोणते, असा प्रश्न कोणी केला म्हणजे शिकलेला मनुष्य क्षणभर गोंधळतो. ग्रंथांची नावे सांगताना जी प्रौढी वाटते ती चित्रपटांची सांगताना वाटत नाही. म्हणून तो चटकन् एखाद्या परदेशी दिग्दर्शकाचे नाव पुढे करून वेळ मारून नेतो. अशी दोन-चार भारदस्त नावे आमच्याही संग्रही आहेत. 'पथेर पांचाली'ला आम्ही मनोभावे वंदन करतो. परंतु वंदन निराळे आणि आवड निराळी. जो चित्रपट कोठे लागला आहे असे कळताच हातातल्या उत्तरपत्रिका बाजूला सारून आम्ही उठतो, तो आमच्या आवडीचा. असे चित्रपट फार नाहीत, आणि त्यांतले बहुतेक मराठी आहेत.

ही आवड जडली ती पालम येथे. परभणी जिल्ह्यातले हे गाव गंगाखेड आणि लोहा यांच्या दरम्यान आहे. इकडे गोदावरीस कोणी गोदावरी म्हणत नाही; ती गंगाच. एका अंगास जनाबाईचे गंगाखेड, दुसऱ्या अंगास खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव. त्यामुळे अभंग आणि लावणी ही दोन्ही आमच्या कानांवर सारख्याच हक्काने पडत. आमच्या बाळपणी सिनेमा येई तो तंबूतून. दिवसा बैलगाडीवर कर्णा बांधून गावभर पुकारा होई. रात्री मधोमध पडदा टांगून एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस बायका बसत. बायकांच्या वाट्यास पडद्याची उलटी बाजू येई आणि पाटीवरची अक्षरे उलटी दिसत. पण अक्षरे वाचण्यासाठी तेथे कोण आले होते?

'प्रभात'चा 'संत तुकाराम' आम्ही पहिल्यांदा पाहिला तो या तंबूत, आईच्या मांडीशी, म्हणजे उलट्या बाजूने. चित्रपट १९३६ सालचा. त्या वेळी पालम निजामाच्या राज्यात होते. आमच्यापर्यंत तो पोचला तेव्हा चाळीस वर्षांचा होऊन गेला होता आणि पडद्यावर सारखा पाऊस पडत असल्यासारख्या रेघा दिसत होत्या. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, १९३७ साली व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला, विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत, आणि शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद लोक तुकोबांचेच समजून गाथेत शोधीत बसले, या सर्व गोष्टी आम्हांस पुढे पुस्तकांतून कळल्या. त्या रात्री कळली ती एकटी जिजाई.

पागनीसांचे तुकाराम थोरच आहेत. परंतु या चित्रपटाचे खरे थोरपण आमच्या मते गौरी या नटीने केलेल्या जिजाईत आहे. संताच्या चरित्रात संताची बायको म्हणजे बहुधा एक अडथळा. ती कजाग, तोंडाळ, आणि शेवटी नवऱ्याचा मोठेपणा ओळखून डोळे पुसणारी. दामले-फत्तेलाल यांनी तिला असे वापरून टाकले नाही. तिची म्हैस, तिची चूल, तिचे आजारी पोर यांना त्यांनी विठ्ठलाइतकीच जागा दिली. पोर तापाने फणफणले असता ती पायातली वहाण हाती घेऊन थेट देवासमोर जाते. तंबूतल्या बायका त्या वेळी घाबरल्या नाहीत, दचकल्या नाहीत. त्या हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. शेवटी तुकोबा वैकुंठास निघतात आणि जिजाई मागे राहते. पुरुषांच्या बाजूस हात जोडले गेले, कोणी पडद्याच्या दिशेने पैसे टाकले. आमच्या शेजारची एक म्हातारी मात्र मोठ्याने म्हणाली, "गेला बाई ह्यो. आता लेकरायकडं कोन बघावं?" हे तिने निंदेने म्हटले नव्हते, तिनेही हात जोडलेलेच होते. पुढे साहित्यशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथ आम्ही वाचले आणि शिकविले. परंतु चित्रपटाने दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले की नाही, याची यापेक्षा नेमकी परीक्षा आम्हांस आढळली नाही.

तेव्हापासून कोणताही चित्रपट पाहताना आम्ही नकळत जिजाईचा पक्ष शोधू लागतो. नायकाच्या विरुद्ध जो उभा आहे त्याला काही म्हणावयाचे आहे काय, आणि ते त्याला धड म्हणू दिले आहे काय? शांतारामबापूंच्या 'कुंकू'त (१९३७) नीरेचे बंड न्याय्यच आहे, आणि शांता आपटे यांचा तो ताठा पाहण्यासारखा आहे. तरीही त्या चित्रपटाकडे आम्हांस पुन्हा ओढून नेतात ते केशवराव दाते यांचे काकासाहेब. आपण अन्याय केला हे हळूहळू उमगत जाणारा म्हातारा मनुष्य इतक्या दयेने आणि इतक्या निर्दयपणे मराठीत क्वचितच रंगविला गेला असेल. त्याने अखेरीस जीव देऊन नीरेला मोकळे करावे, हे मात्र आम्हांस कधी पटले नाही. ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला तिचे नाव 'न पटणारी गोष्ट' आहे, एवढ्यावर समाधान मानावयाचे.

'शेजारी'विषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते. १९४१ सालचा हा चित्रपट. पाटील आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी. बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारे जिवाभावाचे मित्र. धरणासाठी जमीन हवी असलेला ठेकेदार त्यांच्यात फूट पाडतो आणि धरण फुटते तेव्हाच ते दोघे एकत्र येतात, मरणापुरते. मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत मिर्झा तेच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. मराठवाड्यात हा चित्रपट पाहणे म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. १९४८ च्या आठवणी आमच्याकडे घरोघर आहेत आणि प्रत्येक घरात त्या अर्ध्याच सांगितल्या जातात. एका आळीत रझाकारांचे अत्याचार सांगतात. ते खरेच आहेत. दुसऱ्या आळीत पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जो सूड कोसळला तो सांगतात, अथवा सांगतही नाहीत. पंडित सुंदरलाल समितीने तो नोंदविला आणि ती नोंद कित्येक दशके कपाटात राहिली. दोन्ही अर्धुके एकाच ओसरीवर आम्ही फारशी ऐकली नाहीत. 'शेजारी' भाबडा आहे, सारा दोष ठेकेदाराच्या माथी मारून तो मोकळा होतो, हे आम्हांस दिसते. पण त्यात पाटलाचा राग आणि मिर्झाचा राग सारख्याच वजनाने तोलला आहे, आणि तेवढ्यासाठी त्याचे सारे भाबडेपण आम्ही पोटात घालतो.

'श्यामची आई' आवडत नाही काय, असे कोणी विचारील. आवडते, परंतु तिच्यासमोर उभे राहून वाद घालील असे तेथे कोणी नाही. 'सामना' (१९७४) त्या मानाने अधिक जवळचा. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेले हिंदुराव आणि मास्तर. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न घेऊन मास्तर गावभर फिरतात. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर थोर आहेत, यात शंका नाही. पण निळू फुले यांनी हिंदुरावांच्या डोळ्यांत जी धास्ती आणि जो एकटेपणा ठेवला आहे, त्यामुळे सत्ता ही वस्तू आतून कशी दिसते ते आम्हांस समजले. साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्यास हे समजणे उपयोगी पडते.

अलीकडच्या चित्रपटांत एकाने आमची ही कसोटीच उलटी केली. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत लागला. कैकाडी जातीचा जब्या आणि त्याचे घरचे डुकराच्या मागे धावतात. गाव भोवती उभे राहून हसते. राष्ट्रगीत सुरू होताच धावणारे जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर मात्र थांबत नाही. पकडलेले डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर यांची चित्रे दिसतात. येथे दुसऱ्या पक्षाचे ऐकावे म्हणून आम्ही तयारीने बसलो होतो, आणि पाहतो तो दुसरा पक्ष म्हणजे खुर्चीत बसलेले आम्हीच. हसणाऱ्या गावाचे म्हणणे निराळे मांडण्याची गरज दिग्दर्शकाला वाटली नाही. ते म्हणणे आम्ही घरूनच घेऊन आलो होतो. चित्रपटाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ प्रेक्षकांच्या रोखाने येतो.

वर्गात या चित्रपटाची चर्चा निघाली तेव्हा तासभर मुले कथा, संवाद, छायाचित्रण यांविषयी बोलत होती. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. जवळच्याच एका खेड्यातला, पाटलाच्या घरचा. दगड आला तेव्हा आपण मान बाजूस केली, आणि शेजारी बसलेल्या मित्राने ती तशीच ठेवली, एवढे सांगून तो निघून गेला.