तोंड आसा ता, टोप न्हय

लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या भाचीकडे लक्ष्मी आली तर तिला दारात बराच वेळ ताटकळावं लागेल. भाची पुण्यात असते आणि रात्री तोंड धुवायला आत गेली की वीस मिनिटं बाहेर येत नाही. परवा चार दिवस तिच्याकडे राहिले, तेव्हा बेसिनवरच्या फळीवरचा तिचा संसार मी निवांत पाहिला. एका डबीत लोण्यासारखा घट्ट बाम. एका बाटलीतून दाबलं की थेट फेसच बाहेर यायचा. दुसऱ्या बाटलीत निव्वळ पाण्यासारखं दिसणारं मायसेलर वॉटर. चार्जिंगला लावलेला, चिकूएवढा, गुलाबी सिलिकॉनचा ब्रश. बटण दाबलं की भुंग्यासारखा गुणगुणणारा. आणि खुंटीला दोऱ्याने लटकवलेला, करड्या रंगाचा, वाळून खडखडीत झालेला एक अर्धगोल.

"हे काय गं?"

"कोंजॅक स्पंज, मावशी. एका कंदापासून करतात. भिजवला की बघ कसा मऊ होतो."

रात्री शोधलं, तर हा कोंजॅक चक्क आपल्या सुरणाच्या कुळातला निघाला. मला एकटीलाच हसू फुटलं. कुडाळजवळच्या आमच्या आजोळी सुरण चिरायचा असला की आजी आधी दोन्ही हातांना खोबरेल चोपडायची आणि शिजवताना चार कोकमं टाकायची. नाहीतर हात खाजणार, घसा खवखवणार. ज्या घराण्याला आम्ही तेल लावल्याशिवाय कधी शिवलो नाही, त्याच्या चुलत भावाने माझी भाची रोज तोंड धुते. आजी असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

'तोंड' हा शब्द मोठा प्रशस्त आहे. जेवतं तेही तोंड आणि आरशात दिसतं तेही तोंड. माझ्या लहानपणी 'तोंड धुतलंस?' या एका प्रश्नात दात घासणं, चूळ भरणं, डोळ्यांतली चिपडं काढणं आणि गालांवर पाण्याचे हबके मारणं, सगळं यायचं. त्यातून चेहऱ्याला वेगळा काढून त्याचं स्वतंत्र धुणं कुणी मांडलं नव्हतं. भाची चेहरा धुते. आजी तोंड धूत असे. पण म्हणून आजीचं काम अडाणी होतं असं मात्र नाही.

आजी मेणावर कुंकू लावायची. सकाळी मागीलदारी, पडवीच्या पायरीवर तिची फणेरपेटी उघडायची. आदल्या दिवसाचं कुंकू पाण्याने निघत नसे. पाणी मेणावरून अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून जाई. मग ती अनामिका खोबरेलात बुडवायची, कपाळाच्या मधोमध टेकवायची आणि तशीच थांबायची. घासायची नाही. ओठांत काहीतरी पुटपुटत राहायची. ते स्तोत्र होतं की दिवसभराच्या कामांची यादी, देव जाणे. तेवढ्या वेळात मेण मऊ पडून लाल रंग सैल व्हायचा. जुन्या पातळाच्या तुकड्याने तो हलकेच उचलून घ्यायचा. मग तळहातावर चिमूटभर मुगाचं पीठ, दोन थेंब पाणी; राहिलेलं तेल पीठ शोषून घेई. मग नुसतं पाणी. मग पंचाने टिपणं. तेल तेलात विरघळतं, पाण्यात नाही, एवढीच यातली रसायनविद्या. कोरिया-जपानच्या बायका आधी तेलाने आणि मग पाण्याच्या क्लेन्झरने असं दोनदा तोंड धुतात, त्याचं भाचीला केवढं अप्रूप. तिची बामाची डबी म्हणजे आजीची खोबरेलात बुडलेली अनामिकाच, फक्त झाकण लावलेली.

हीच विद्या मी गावच्या जत्रेत दुसऱ्यांदा पाहिली. दशावतारी नाटक रात्रभर चालायचं. कलावंत आपली रंगरंगोटी आपल्याच हाताने करत आणि उजाडल्यावर ती आपल्याच हाताने उतरवत. एकदा पहाटे देवळामागच्या विहिरीपाशी रात्रीची राणी उकिडवी बसलेली दिसली. अंगावर अजून लुगडं, डोक्यावरचा केसांचा टोप मात्र शेजारच्या धोंड्यावर. स्त्रीपार्टी करणाऱ्या त्या माणसाने तळहातावर खोबरेल ओतलं आणि ते तोंडभर गोल गोल फिरवलं. गुलाबी, पांढरं, काळं, लाल एकमेकांत मिसळून गढूळ झालं, आणि फडक्याच्या एका हातासरशी राणी गेली. खाली निळसर दाढीचा, झोपेला आलेला माणूस उरला. मी डोळे फाडून बघत होते. त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि राखेने भांडी घासावीत तसं साबणाने तोंड धुवायला घेतलं.

हे सगळं डोळ्यांदेखत असूनही सोळाव्या वर्षी मी जे करायचं नाही तेच केलं. गालांवर मुरूम आले होते. रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि गालावर येतो तोही मुरूम. आपल्या भाषेने या बाबतीत पोरींची जराही गय केलेली नाही. पुस्तकात 'तारुण्यपीटिका' असा नाजूक शब्द होता, पण तो आरशात दिसत नसे. मला वाटलं, तोंडावर घाण आहे म्हणून हे येतं. घासलं की जाईल. न्हाणीच्या कोपऱ्यात भांडी घासायला नारळाच्या सोडणाचा झुबका असे. मी त्यातला नवा कोरा घेतला, त्यावर अंगाचा साबण फासला आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गाल घासले. धुतल्या धुतल्या तोंड कसं ताणल्यासारखं, करकरीत वाटे, आणि ती करकर म्हणजेच स्वच्छता अशी माझी समजूत. आठव्या दिवशी गाल रातांब्यासारखे लाल होऊन चकाकू लागले. साधं पाणी लागलं तरी आग. मुरूम होते तिथेच, उलट चिघळलेले.

आजीने मला न्हाणीतच पकडलं. हातातलं सोडण ओढून घेतलं आणि म्हणाली, "अगो बाये, इतक्या कित्याक घासतंस? तोंड आसा ता, टोप न्हय."

तोंड आणि टोप, म्हणजे पातेलं, यांतला हा फरक नेमका काय, ते पुढे वाचनातून कळलं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे आमच्याकडची जांभ्या चिऱ्यांची भिंतच. मेलेल्या चपट्या पेशी हे चिरे आणि त्यांच्यामधली चरबी हा चुना. असे पंधरा-वीस थर, आणि सगळे मिळून कागदापेक्षाही पातळ. आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं काम हीच भिंत करते. साबण मळाबरोबर हा चुनाही खरवडतो आणि घासणी चिरे उखडते. ती करकर म्हणजे स्वच्छतेचा आवाज नव्हे, चुना निघून गेलेल्या भिंतीचा आवाज.

शिवाय सामूचा प्रश्न. शाळेच्या विज्ञानात सामू शिकलो तो लिंबाचा आणि चुन्याच्या निवळीचा. आपल्या कातडीलाही सामू असतो हे बाईंनी कधी सांगितलं नाही. १९२८ मध्ये हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या दोन जर्मन डॉक्टरांनी त्वचेवरच्या या किंचित आंबट आवरणाला आम्लाचं पांघरूण म्हटलं. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. सामूच्या मापात एक पायरी म्हणजे दसपट, तेव्हा हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. पांघरूण ओढून काढलं तर त्वचा ते पुन्हा विणते, पण तिला वेळ लागतो. आणि आपण तेवढ्यात पुन्हा साबण घेऊन हजर असतो. लिंबू चोळा, खायचा सोडा लावा, हे घरगुती सल्लेही याच मापाने तपासावेत. लिंबू फार आंबट, सोडा उलट्या दिशेचा. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. घरातलं म्हणून सगळंच सौम्य नसतं. उटण्याचंच बघा. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा यांची ती भरड नरक चतुर्दशीला लावायची, तीही अंगभर तेल जिरवल्यावर, ओली करून. वर्षाचा सण रोजचा केला की अंगावरच येतो.

लग्न होऊन लातूरला आले आणि पाणी बदललं. कोकणातलं विहिरीचं पाणी सुफेन. साबण लावला की फेसच फेस, धुतला तरी हाताला बुळबुळ. लातूरचं बोअरचं पाणी दुष्फेन. शाळेत पाठ केलेले हे दोन शब्द मला संसारात असे भेटले. साबण फेसाळेना, बादलीला पांढरे थर चढले, आणि साबणाचा न विरघळणारा साका अंगावर तसाच बसू लागला. तोंड धुऊनही धुतल्यासारखं वाटेना म्हणून पुन्हा साबण, आणि पुन्हा गाल ओढल्यासारखे. मग २०१६ चा दुष्काळी उन्हाळा आला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर. स्टेशनवर माणसं ती गाडी बघायला जमली होती. त्या महिन्यांत माझ्या तोंडाच्या वाट्याला एक तांब्या यायचा, आणि धुतलेलं पाणीही घमेल्यात धरून तुळशीला जायचं. एका तांब्यात साबण निघत नाही, तेव्हा साबण सुटला. सकाळी नुसतं पाणी, रात्री सौम्य काहीतरी हरभऱ्याएवढं. पावसाळा येईपर्यंत माझ्या गालांनी कुरकुर करणं सोडून दिलं होतं. दुष्काळाकडून मी हे एवढंच घेतलं.

म्हणून भाचीच्या फळीला मी नावं ठेवत नाही. तिथल्या प्रत्येक वस्तूला काम आहे. फक्त सगळ्यांना एकाच रात्री, एकाच तोंडावर काम नाही. सनस्क्रीन किंवा रंग लावला असेल तर बाम. प्रवासात मायसेलर वॉटर. त्यात इवलेइवले रेणू असतात, त्यांचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. त्वचा तेलकट असेल तर जेल किंवा फेस, कोरडी असेल तर दुधासारखं क्लेन्झर. मुरूम असतील तर सॅलिसिलिक ॲसिडवालं, कारण ते तेलात विरघळून रंध्रात शिरतं. वडीच हवी असेल तर साबणासारखी दिसणारी पण साबण नसलेली, सामू सांभाळणारी सिंडेट वडी. आजीचं खोबरेल मात्र मुरूम येणाऱ्या तोंडाला नको. ते रंध्रं बुजवू शकतं. आजीचं कपाळ आणि माझे गाल, दोघांना एकच औषध कसं चालेल?

राहिली हत्यारं. त्वचेच्या डॉक्टरांचं म्हणणं ऐकून भाचीचा हिरमोड होतो: दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर धुवा, पाणी कोमट घ्या, आणि क्लेन्झर बोटांनीच लावा, फडकं, स्पंज, खरखरीत काहीही नको. ओलसर राहिलेला स्पंज किंवा ब्रश तर स्वतःच जंतूंचं बिऱ्हाड होतो. मला यातलं बोटांचं फार पटतं. ब्रशला आपण किती जोरात घासतोय ते कळत नाही; बोटाला कळतं. घासणारं आणि घासलं जाणारं, दोन्हींची खबर एकाच वेळी ठेवणारं दुसरं हत्यार कुठे मिळणार? आणि शेवटी पुसायचं नाही, टिपायचं. पाखरू दाणा टिपतं, तसं.

आजोबा गेले आणि आजीची फणेरपेटी बंद झाली. मेण सुटलं, कुंकू सुटलं. पण कपाळाच्या मधोमध चवलीएवढा काळसर डाग राहिला. कुंकवातल्या रंगाने त्वचा अशी काळवंडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात होते, कुठलंसं मलम घेऊन गेले. "आजी, हे लाव, डाग जाईल." तिने ट्यूब उलटसुलट करून पाहिली, परत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "रवांदे." राहू दे. साठ वर्षं रोज सकाळी तेलाचं बोट जिथे थांबत होतं, तिथे आता धुण्यासारखं काही नव्हतं, तरी तोंड धुताना तिची अनामिका क्षणभर तिथे टेकायचीच.

पुण्यातल्या शेवटच्या रात्री भाचीने मला स्टुलावर बसवलं. "मावशी, आज मी तुझं तोंड धुते." डोळे मिटले. बाम थंड लागला, मग बोटांखाली पातळ झाला. पहिल्यांदा ती जोराने चोळत होती. मी आजीचं वाक्य तिला ऐकवलं. ती हसली आणि तिची बोटं हलकी झाली. कपाळ, नाकाच्या कडा, हनुवटी. मग ती माझ्या गालावर थांबली. तिथे वांग आहे, लातूरच्या उन्हाने दिलेलं.

"यावर एक सिरम आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "लावू?"

"रवांदे," मी म्हटलं.

तिला शब्द कळला नाही, पण बोटांना कळला. ती वांगाच्या कडेकडेने गेली आणि पंचा शोधू लागली.