नोकरी सांभाळून कादंबरी

“वाचायला काहीतरी सुचवा ना,” असं कोणी म्हणालं की मला फार बरं वाटतं, आणि त्याच क्षणी जबाबदारीही जाणवते. पुण्यात सुचवलेलं पुस्तक आवडलं नाही तर वाचणारा अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरं आणतो. मी राहते त्या मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये मराठी पुस्तक बहुधा कुणाच्या तरी बॅगेतून येतं. निघताना चिवड्याचा एक पुडा बाहेर काढून त्याच्या जागी ते भरलेलं असतं. अशा पुस्तकाची शिफारस सहज तोंडाला येईल तशी करता येत नाही. म्हणून मी एकच कसोटी ठेवली आहे. जे पुस्तक वाचता वाचता मला उठून माझी वही उघडावी लागली, तेच दुसऱ्याला सुचवायचं.

मी कादंबरी लिहिते. पोट भरतं ते हिशेबाच्या कामावर. दिवसभर मेलबर्नमधल्या एका ऑफिसात ताळेबंद, आणि पहाटे, रेल्वेत, रात्रीच्या जेवणानंतर कादंबरी. ती विट्याकडच्या एका गलाई कुटुंबाची आहे. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं कसब घेऊन देशभर गेली. दूरदूरच्या शहरांतल्या सराफ बाजारात, मागच्या बोळात, शेगडीपाशी सांगलीकडची मराठी ऐकू येते. वर्षभर परमुलखात राहायचं, जत्रेला गावी यायचं, घर बांधायचं गावात आणि दिवस काढायचे भाड्याच्या खोलीत, असं आयुष्य माझ्या चुलत्यांनी काढलं. गावात असताना त्यांच्यावर लिहावं असं मला कधी वाटलं नाही. स्वतः घर सोडून इतक्या लांब आल्यावर ते मला दिसायला लागले.

पॉइंट कुक हे मेलबर्नच्या नैर्ऋत्येला, पोर्ट फिलिप उपसागराच्या काठावरचं उपनगर. इथली घरं नवी, झाडं कोवळी, आकाश अफाट. १९१४ साली ऑस्ट्रेलियातलं पहिलं लष्करी विमान इथून उडालं, आणि तो तळ आजही आहे. जवळच जुनी मिठागरं होती. आता तिथे पाणथळ जागा राखली आहे आणि सायबेरियातून हजारो मैल उडत येणारे छोटे पाणपक्षी तिथल्या चिखलात चरतात. किनाऱ्यालगतच्या उद्यानात चर्नसाइड नावाच्या स्कॉटिश मेंढपाळ जमीनदाराने बांधलेलं काळ्या दगडाचं घर आहे, १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ही १८५७ चीच. या योगायोगाने मला धीर दिला. आपली कादंबरी तशी अजून तरुण आहे, तिच्यात नव्या मुलखांना जागा आहे, असं मला त्या दगडी भिंतीपाशी उभं राहून वाटलं.

तो दगड म्हणजे बसाल्ट. मेलबर्नच्या पश्चिमेचं हे सगळं पठार जुन्या लाव्हाचं आहे, आपलं दख्खनही लाव्हाचंच. इथली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. घर बांधताना पाया त्या हिशेबाने घालावा लागतो. पहिल्या उन्हाळ्यात परसातल्या भेगा पाहून मला खानापूरच्या काळ्या रानाची आठवण झाली आणि त्या रात्री मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा काढली. १९५५ सालची ही कादंबरी मी सगळ्यात आधी सुचवते. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळाने पांगलेली माणसं. इतक्या कमी शब्दांत एक अख्खं गाव उभं राहतं आणि डोळ्यांदेखत उठून जातं. वर्णन कुठे थांबवायचं हे मी तिच्यातून शिकले. माडगूळकर ऑस्ट्रेलियालाही येऊन गेले होते. त्यांनी त्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘पांढरी मेंढरे हिरवी कुरणे’. मेंढरांवर उभ्या राहिलेल्या या मुलखाकडे माणदेशी डोळ्यांनी पाहणारा लेखक आपल्या आधी इथे येऊन गेला, हे कळल्यावर मला इथलं माळरान परकं वाटेनासं झालं.

नोकरी करून फावल्या वेळात लिहिलेली कादंबरी दुय्यम, असा एक समज आहे. मराठीचा अनुभव तसा नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत होते. ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची आणि ‘रथचक्र’ १९६२ ची, दोन्ही त्या नोकरीच्या काळातल्या. माडगूळकर आकाशवाणीत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत, आणि कानडी गावात राहून मराठी कथेला त्यांनी कुठल्या कुठे नेलं. ऑस्ट्रेलियातही एलिझाबेथ जॉली आहेत. परिचारिका म्हणून राबल्या, घरोघर वस्तू विकल्या, सफाईची कामं केली आणि लिहीत राहिल्या. एका वर्षात ३९ नकार त्यांच्या वाट्याला आले. पहिलं पुस्तक आलं १९७६ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. ज्यांना वाटतं की आता लिहायला उशीर झाला, त्यांच्यासमोर मी जॉलींचं नाव ठेवते.

पेंडशांकडून मला आणखी मोठी गोष्ट मिळाली. दापोलीजवळचं मुर्डी हे त्यांचं गाव लहानपणीच सुटलं, आणि त्यांनी कोकण लिहिलं ते मुंबईत बसून. गावापासून दूर गेल्यावर रोजची धूळ खाली बसते आणि काही गोष्टी स्वच्छ दिसतात: कोण कोणाच्या ओट्यावर बसायचं, कोणाच्या विहिरीवर कोण जायचं नाही, कोणत्या बाईचा आवाज कोणत्या खोलीत बदलायचा. ‘रथचक्र’मधली बाई मुलाच्या शिक्षणासाठी घराविरुद्ध, गावाविरुद्ध उभी राहते. तिचा प्रत्येक निर्णय त्या घराच्या रचनेतून येतो. माझ्या कादंबरीतल्या मुलीला शाळेत जायचं आहे, आणि तिचं घर शेगडीच्या खोलीत आहे. ती कुठून कुठे चालते हे मला कळत नव्हतं. ‘रथचक्र’ वाचल्यावर मी आधी त्या घराचा नकाशा काढला, मग प्रकरण लिहिलं.

बोलीसाठी उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचावी. १९६० ची आहे. कौतिक आणि तिचा शिंपी नवरा महादेव यांची ही गोष्ट वऱ्हाडीत श्वास घेते. ती बोली माझी नाही, तरी पाना-दोन पानांत कान जुळतात, कारण माणसं खरं बोलतात. परदेशातल्या मराठी लेखकाला मोह होतो तो सगळ्यांच्या तोंडी एकसारखी, धुतलेली भाषा घालण्याचा. ‘धग’ त्या मोहावरचा उतारा आहे.

आणि ज्याने घर सोडलं आहे त्याने विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचलीच पाहिजे. १९३९ मधली, त्यांची एकमेव कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, नाझींच्या तावडीतून सुटलेले ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. मराठी कादंबरीने जगाच्या दारात पाऊल टाकलं ते असं, महायुद्धाच्या तोंडावर, इतक्या लहान पुस्तकात. बोटीवरच्या माणसांना मागे देश नाही आणि पुढे काय याची खात्री नाही. मी राजीखुशीने, कागदपत्रं नीट करून इथे आले. हॅर्टा वाचली की आपल्या स्थलांतराचं दुःख किती बेताचं आहे ते कळतं, आणि त्याबद्दल लिहिताना हात आपोआप आवरतो. त्याच रांगेत मी मिशेल डी क्रेटसर यांची ‘क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल’ ठेवते. त्या कोलंबोत जन्मल्या आणि शाळकरी वयात ऑस्ट्रेलियात आल्या. त्यांच्या कादंबरीत हौसेने जग फिरणारी एक बाई आणि श्रीलंकेतून पळावं लागलेला एक पुरुष समोरासमोर ठेवले आहेत.

इथल्या मराठी मंडळींना मी आग्रहाने सांगते की आपण जिथे राहतो तिथलं वाचा. मेलबर्नला २००८ साली युनेस्कोने साहित्यनगरी म्हटलं, आणि हे शहर खरोखर पुस्तकांनी भरलेलं आहे. हेलन गार्नर यांनी शाळेतली नोकरी १९७२ साली गेल्यानंतर आपल्या रोजनिशांमधून ‘मंकी ग्रिप’ घडवली. ती १९७७ साली आली. फिट्झरॉयमधली भाड्याची सामायिक घरं, सायकली, पोहण्याचा तलाव, यांच्यात जगण्याचा केवढा पसारा असतो ते तिथे दिसतं. जेराल्ड मर्नेन यांची ‘द प्लेन्स’ १९८२ ची. मैदानी मुलखाचा अर्थ शोधत गेलेल्या एका तरुणाचं हे पुस्तक पॉइंट कुकच्या सपाटीवर वाचावं. जिथून पहिली लष्करी विमानं उडाली तिथे, विमानात कधीही न बसलेल्या लेखकाचं पुस्तक वाचताना प्रवासाविषयीच्या आपल्या कल्पना तपासून घ्याव्या लागतात. मर्नेन यांनी जवळजवळ सगळं आयुष्य व्हिक्टोरियात काढलं आणि त्यांना विषय कमी पडला नाही.

आणि अलेक्सिस राइट. त्या वान्यी समाजातल्या. ‘कार्पेन्टेरिया’ २००६ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला. तिची कथनशैली रात्री अंगणात बसून आजोबांनी सांगावी तशी वळणं घेत, नदी, साप, पूर, वाडवडील यांना एकाच श्वासात धरत जाते. ती वाचल्यावर मला जाणवलं की मी ज्याला रिकामं माळरान म्हणत होते ते कधीच रिकामं नव्हतं. चर्नसाइडच्या घराआधी हजारो वर्षं हा किनारा बुनुरोंग लोकांचा होता आणि आजही त्यांचा त्याच्याशी संबंध आहे. इथे बसून लिहिणाऱ्याने हे ठाऊक ठेवून लिहावं.

लिहिण्याचा माझा रोजचा क्रम साधा आहे. पहाटे घर झोपलेलं असतं तेव्हा नवं लिहायचं. विल्यम्स लँडिंगहून शहरात जाणाऱ्या गाडीत मोबाइलवर कालचं दुरुस्त करायचं. लिहायला बसण्याआधी मराठीचं एखादं पान मोठ्याने वाचायचं, हा नियम मी मोडत नाही. दिवसभर इंग्रजीत बोललेली जीभ मराठी वाक्याला क्रियापदापर्यंत पोचू देत नाही, मध्येच दमते. चांगल्या गद्याचं एक पान तिला पुन्हा चालायला लावतं. त्यासाठी मी गौरी देशपांडे यांच्या दीर्घकथाही जवळ ठेवते. परदेशात वावरणारी त्यांची माणसं मराठीत विचार करतात, भांडतात, प्रेम करतात, आणि कुठेही अवघडत नाहीत.

शब्द मात्र पुस्तकांत सगळे सापडत नाहीत. रात्री इथे नऊ वाजतात तेव्हा विट्याला दुपारचा चहा होत असतो. मी थोरल्या चुलत्यांना फोन लावते. आप्पांनी उभी हयात शेगडीपुढे घालवली. सोनं वितळवायची मूस कशी धरायची, नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर निघायला लागला की तोंड कुठे फिरवायचं, गाळणीच्या खोलीला खिडकी कोणत्या बाजूला हवी, हे ते सांगतात आणि मी लिहून घेते. एकदा मी विचारलं, “आप्पा, मूस फुटली तर काय करायचं?” ते म्हणाले, “पोरी, मूस फुटली की बोलायचं न्हाई. खाली बसायचं आन् राखंतनं सोनं येचायचं.” त्या उत्तरातून एक पूर्ण प्रकरण उभं राहिलं. फोन ठेवल्यावर मला नेहमी वाटतं की वाचनाच्या यादीत अशी माणसंही धरली पाहिजेत. ती आहेत तोवर त्यांना ऐकून घेणं हे कादंबरी लिहिणाऱ्याचं पहिलं काम आहे.

हिशेबाच्या कामाचाही कादंबरीला उपयोग होतो. ताळेबंदात प्रत्येक रकमेला कुठून आली आणि कुठे गेली हे विचारतात. मी माझ्या पात्रांना तेच विचारते. गलाईवाल्याने गावात माडी बांधली तर पैसा कुठला, त्यासाठी कोणाचं शिक्षण थांबलं, कोणाचं लग्न लांबलं? कुटुंबाची खरी गोष्ट अशा उत्तरांत असते. नोकरीने माझा वेळ घेतला हे खरं, पण माणसं पैशाभोवती कशी वागतात, हे रोज जवळून पाहायची संधीही तिनेच दिली.

महिन्यातून एकदा आम्ही काही मराठी माणसं जमतो. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, त्याबद्दल मनापासून बोलायचं आणि ते दुसऱ्याच्या हातात देऊन रिकाम्या हाती घरी जायचं. माझी ‘धग’ची प्रत तीन उपनगरं फिरून आली, तिच्या मार्जिनमध्ये आता अनोळखी अक्षरातल्या टिपा आहेत. शेवटी वेळ उरला तर कोणी स्वतःचं लिहिलेलं वाचतं. मागच्या खेपेला मी मुलीच्या शाळेचं प्रकरण वाचलं. नातवाला सांभाळायला कराडहून आलेल्या एक काकू मागे बसून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “त्या पोरीला पुढं शिकवणार आहेस ना गं? परत जायच्या आधी मला सांग.”

त्या मार्चमध्ये परत जाणार आहेत. पुढचं प्रकरण त्याआधी लिहून व्हायला हवं, आणि ते खरं उतरायला हवं, कारण त्या काकूंनी अशा पोरी पाहिल्या आहेत.