किलोकिलोचा हिशेब

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे जहाजाचं वजनही तिसऱ्या हिश्शावर येईल, असं वाटतं. येत नाही. ताठपणातही हा धातू पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाचाच, त्यामुळे पत्रा जाड घ्यावा लागतो, आतल्या फासळ्या जवळजवळ बसवाव्या लागतात. सांगाड्यात अखेर सुटतं ते निम्म्याच्या आसपास. तेही काही थोडं नाही. जहाज हलकं झालं की लहान इंजिनावर भागतं, इंजिन लहान की इंधन कमी, इंधन कमी की जहाज आणखी हलकं. हे चक्र उलटंही तितक्याच उत्साहाने फिरतं.

*

विल्यम फ्रान्सिस गिब्जने आराखडा केलेलं प्रवासी जहाज ‘युनायटेड स्टेट्स’. १९५२ साली पहिल्याच सफरीत त्याने सरासरी ३५.५९ नॉटने अटलांटिक ओलांडला. वरच्या मजल्यांत सुमारे २,००० टन अ‍ॅल्युमिनियम. वर वजन कमी, म्हणून डोलण्याची भीती कमी. गिब्जला आगीची मोठी धास्ती होती; अख्ख्या जहाजावर लाकूड म्हणजे पियानो आणि मुदपाकखान्यातला मटण तोडायचा ओंडका, एवढंच सांगतात.

अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजाला मिळणारा हेल्स करंडक १९९० मध्ये गेला तो ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’कडे. टास्मानियात होबार्टला इनकॅटने बांधलेली ७४ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची कॅटामरान फेरी, सरासरी ३६.६ नॉट. अडतीस वर्षांत नफा एका नॉटचा! पण एकीकडे तीनशे मीटर लांबी आणि प्रचंड टर्बाइनं, दुसरीकडे चार डिझेल इंजिनं. मला तो एक नॉट फार मोठा वाटतो.

*

वेल्डिंगच्या शेडमध्ये. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर कायम असतो. धातू ६६० अंशांच्या आसपास वितळतो, हा थर मात्र २,००० च्या पुढे. त्यामुळे खालचं पाणी होऊन वाहायला लागलं तरी वरची साय तशीच. म्हणून आधी तेलकटपणा पुसायचा, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. आणि हा ब्रश वेगळा ठेवायचा, पोलादाला लावायचा नाही. क्रम चुकला तर तेल घासून आत जातं. दार उघडं राहून वारा आला की जोडाला हवेपासून झाकणारा आर्गॉन वायू उडतो आणि जोडात बारीक छिद्रं पडतात. पोलाद तापताना लाल होऊन सांगतं तरी. हे काही न सांगता ढासळतं.

जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा उष्णतेने नरम पडतो. म्हणून आकडेमोड करताना पत्र्याची मूळ ताकद धरायची नाही, वेल्डिंगनंतर उरलेली धरायची. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या ‘टीडब्ल्यूआय’ या संस्थेत धातू न वितळवता, फिरत्या पिनने घुसळून जोडण्याची रीत निघाली. फेऱ्यांच्या लांबलचक डेक-पॅनेलांना ती फार मानवली.

*

आग. २२ नोव्हेंबर १९७५, सिसिलीजवळ ‘बेल्कनॅप’ ही अमेरिकन क्रूझर विमानवाहू ‘जॉन एफ. केनेडी’वर आदळली. वरून विमानाचं इंधन सांडलं आणि क्रूझरचं अ‍ॅल्युमिनियमचं वरचं बांधकाम जळून डेकपर्यंत खाली बसलं. पुढे ‘आर्ली बर्क’ वर्गातल्या विनाशिकांसाठी अमेरिकेने वरही पोलादच घेतलं. फॉकलंड युद्धात जळालेली ब्रिटिश विनाशिका ‘शेफील्ड’ मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या बळींच्या यादीत फुकट घुसडतात. तिचं बांधकाम पोलादी होतं.

प्रवासी फेऱ्यांत उपाय म्हणजे उष्णतारोधक आवरण. आग लागली तरी भार पेलणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमचं तापमान ठरलेल्या वेळात २०० अंशांहून जास्त वाढू द्यायचं नाही. या आवरणाचं वजन पहिल्याच दिवशी हिशेबात धरावं. शेवटी धरणाऱ्यांची फेरी कागदावरच जोरात पळते.

*

पोलादी धड आणि वर अ‍ॅल्युमिनियम, तर मधे काय? दोन्ही धातू स्फोटाच्या दाबाने एकमेकांत दाबून बसवलेली पट्टी. खालून पोलाद पोलादाला, वरून अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅल्युमिनियमला वेल्ड. खारं पाणी मिळालं की दोन धातूंची बॅटरी होते, आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच. अमेरिकन नौदलाच्या ‘इंडिपेंडन्स’ या अ‍ॅल्युमिनियमच्या त्रिधडी जहाजाला हे २०११ मध्ये वॉटरजेटपाशी भोवलं. तांब्याचा अंश असलेला तळरंगही अ‍ॅल्युमिनियमच्या धडाला चालत नाही.

*

कार्बन फायबर. स्वीडनच्या ‘विस्बी’ कॉर्व्हेट: मधे पीव्हीसीचा फोम, दोन्ही बाजूंना कार्बनचे थर, आणि चुंबकत्व जवळपास नाही. आपल्याकडे कोलकात्याला बांधलेली ‘आयएनएस किल्तान’ २०१७ मध्ये नौदलात आली, तिचं वरचं बांधकाम कार्बन कंपोझिटचं, धड पोलादी. कार्बन अ‍ॅल्युमिनियमला टेकला तर त्यालाही खातो; मधे काचतंतूंचा थर द्यावा लागतो.

*

५०८३ या अ‍ॅल्युमिनियमच्या सागरी मिश्रधातूत मॅग्नेशियम साडेचार टक्क्यांच्या आसपास असतं. ६५ अंशांच्या वर तो फार काळ राहिला तर मॅग्नेशियम कणांच्या सीमांवर साठतं, आणि पुढे तिथूनच गंज आणि तडे. एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाचा डेक किती तापतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. इथल्या किनाऱ्यासाठी वेगवान फेरी काढायची तर मी ५०८३ चंच धड घेईन, डेक पांढरा रंगवीन, आणि कंपोझिट फक्त ब्रिजला, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या सुकाणूघराला. बंदरात अ‍ॅल्युमिनियमचा प्रमाणित वेल्डर मिळतो का, ते मात्र ऑर्डर देण्याआधी विचारीन.